बायकांचं काम तुम्ही कशाने मोजलंत?

छत्तीसगडच्या मंत्रालयात, नवा रायपूरच्या महानदी भवनात बसून निर्णय घेणाऱ्या सर्वांना,

हे पत्र कोणा एका पक्षाला नाही. 2021 मध्ये बायकांचं काम काढून घेण्याच्या फाइलवर ज्यांनी सही केली त्यांना आहे, आणि 2023 च्या निवडणुकीनंतर ज्यांच्या टेबलावर ती फाइल आली त्यांनाही आहे. मंत्री बदलले, सचिव बदलले, दारांवरच्या पाट्या बदलल्या. ज्या बायकांबद्दल मी लिहिते आहे त्या मात्र त्याच आहेत. रायपूर जिल्ह्यातल्या आरंगच्या, अभनपूरच्या, तिल्द्याच्या, धरसींव्याच्या. म्हणून तुम्हा सगळ्यांना मी मिळून 'तुम्ही' म्हणणार आहे. त्यांच्या लेखी तरी तुम्ही सगळे एकच आहात.

मी स्वतः बचत गटातली नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहते, शाळेत शिकवून निवृत्त झाले. मराठीत लिहिते आहे, कारण मनात साचलेलं याच भाषेत नीट बाहेर पडतं. शिवाय गोष्ट रायपूरची असली तरी नागपूर-चंद्रपूरच्या, नांदेड-नंदुरबारच्या बचत गटांतल्या बायकांना ती पहिल्या ओळीपासून ओळखीची वाटेल याची मला खात्री आहे.

विषय तुम्हाला सांगायला नको. रेडी टू ईट. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला, गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला अंगणवाडीतून घरी न्यायला मिळतं ते पीठ. गहू, चणा, सोयाबीन, शेंगदाणे, साखर. भाजायचं, दळायचं, मिसळायचं, पाकिटात भरून सील करायचं आणि ठरल्या दिवशी अंगणवाडीत पोचवायचं. साधारण 2009 पासून हे काम छत्तीसगडच्या गावोगावच्या महिला गटांकडे होतं. ते त्यांनी हिसकावून घेतलेलं नव्हतं. तुम्ही बोलावून दिलं होतंत.

का दिलं होतं, आठवतं? 7 ऑक्टोबर 2004 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तुमच्या फाइलीत असेलच. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, हा पैसा शक्यतो गावचे लोक, बचत गट आणि महिला मंडळं यांच्या हातून खर्च व्हावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ठेकेदाराचा नफा लेकराच्या ताटातून निघतो हे न्यायालयाने ओळखलं होतं. तुम्ही तो आदेश मानलात, गटांना बोलावलंत, करार केलेत. बायकांनी कर्ज काढून चक्क्या घेतल्या, भाजणीची यंत्रं घेतली, पाकीट सील करायची मशीनं घेतली. तुमचा कागद पाहून बँकांनी कर्ज दिलं. म्हणजे बँकेनेही विश्वास तुमच्यावरच टाकला होता.

मग नोव्हेंबर 2021 मध्ये मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ते काम राज्याच्या बीज निगमकडे, म्हणजे बियाणे महामंडळाकडे गेलं.

वीस हजारांहून अधिक बायका या कामात होत्या असं तेव्हा सगळीकडे छापून येत होतं. एवढ्या बायकांपैकी किती जणींना तुम्ही आधी बोलावून विचारलंत? किती गटांना सांगितलंत की तुमच्या कामात अमुक खोट सापडली, ती सहा महिन्यांत दूर करा, नाहीतर काम जाईल? शाळेतल्या मुलाला नापास करताना आम्ही त्याचा पेपर त्याच्या हातात देत असू. कुठे चुकलं ते दाखवत असू. पालकांना बोलावत असू. तुम्ही एका फटक्यात सगळा वर्ग नापास केलात आणि पेपर कपाटात ठेवलेत.

तुमची कारणं मला पाठ आहेत. गुणवत्ता. स्वच्छता. सूक्ष्म पोषक घटक बरोबर प्रमाणात मिसळले पाहिजेत. स्वयंचलित यंत्रावर माल तयार व्हावा, त्याला मानवी हात लागू नये. ही कारणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. बाळाच्या तोंडात जाणारी वस्तू स्वच्छ असलीच पाहिजे, यावर कोणत्या आईचा वाद असेल?

पण 'मानवी हात लागू नये' हे वाक्य तुम्ही कागदावर लिहिलंत तेव्हा तो हात कोणाचा होता, याचा विचार केलात का? तेच हात त्या गावात बाळंतिणीला न्हाऊ घालतात. तेच हात अंगणवाडीत खिचडी रांधतात. मितानिन म्हणून, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती म्हणून रात्री-अपरात्री गर्भार बाईबरोबर दवाखान्यात जातात तेही हेच हात. 2002 पासून मितानिन कार्यक्रमाचं नाव देशभर गाजवताना तुम्हाला या हातांचा अभिमान होता. मग पिठाच्या बाबतीत तेच हात अस्वच्छ कसे ठरले? आणि अस्वच्छ होते तर हातमोजे, टोप्या, प्रशिक्षण, प्रयोगशाळेतली तपासणी हे सगळं पुरवायची जबाबदारी कोणाची होती?

केरळकडे बघा. तिथेही लेकरांना घरी न्यायला पीठच मिळतं, अमृतम न्यूट्रिमिक्स. ते कुटुंबश्रीच्या बायका बनवतात. राज्यभर दोनशेहून जास्त युनिटं आहेत आणि ती बायकांच्याच मालकीची आहेत. कृती कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेतून आली, यंत्रं आली, नमुन्यांची तपासणी आली. गुणवत्तेचा प्रश्न तिथेही उभा राहिला असणार. तिथे त्यांनी बायकांच्या हातात चांगलं यंत्र दिलं. तुम्ही यंत्र आणलंत आणि बायकांना बाजूला सारलंत. दोन्हीकडे पीठ सुधारावं हाच हेतू होता असं धरलं, तरी एका ठिकाणी बाई मालकीण राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी ती पाकिटं पोचवणारी झाली.

हो, वाटपाचं आणि वाहतुकीचं काम गटांकडेच ठेवलं आहे, असं तुम्ही त्या वेळी वारंवार सांगितलंत. कोणाचाही रोजगार जाणार नाही, असंही सांगितलंत. ज्या बाईने बारा वर्षं धान्य निवडलं, भाव ठरवला, हिशेब लिहिला, बँकेत सही केली, तिला तुम्ही गाडीत पोती चढवायला सांगितलंत आणि त्याला रोजगार म्हणालात. चक्कीचं कर्ज मात्र तिच्याच नावावर राहिलं.

आणि हे केव्हा? त्याच वर्षी सप्टेंबरात तीजा-पोऱ्याच्या सणाला मुख्यमंत्री निवासात बायकांना माहेरवाशिणीसारखं बोलावलं होतंत. महिला कोषाकडून गटांनी घेतलेलं 12 कोटींहून अधिक थकीत कर्ज माफ केल्याची घोषणा त्या अंगणात झाली होती. बायका नटून आल्या होत्या, ठेठरी-खुरमी खाऊन, हसून परत गेल्या होत्या. दिवाळी सरते न सरते तोच त्यांचं काम काढून घेतलंत. माहेरी बोलावून, ओटी भरून पाठवलेल्या लेकीशी कोणी असं वागतं का?

गट बिलासपूरला उच्च न्यायालयात गेले. 2022 मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. कायद्याने तुम्ही जिंकलात. मी कायद्याचं बोलतच नाहीये. तुम्ही ज्या मोजमापाच्या नावाने हे केलंत, त्या मोजमापाबद्दल मला विचारायचं आहे.

एक गोष्ट आधी कबूल केली पाहिजे, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी होईल. सगळे गट चांगले नव्हते. काही गटांच्या नावामागे गावातला पुढारी होता, बायका फक्त सहीपुरत्या होत्या. काही पाकिटं वजनाला कमी भरायची. काही ठिकाणी महिनामहिना पुरवठा व्हायचा नाही. हे आम्हाला ठाऊक होतं, अंगणवाडीतल्या दीदींना ठाऊक होतं आणि तुमच्या पर्यवेक्षिकांनाही ठाऊक होतं. महाराष्ट्रातही असंच झालं. महिला मंडळांच्या नावाआड मोठे ठेकेदार उभे राहिले, आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या अहवालात ते चव्हाट्यावर आलं. पुढे तिथे निविदाच अशा निघाल्या की लहान बचत गटांना त्यात शिरताच येऊ नये. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या खटल्यात फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निविदा रद्द केल्या.

म्हणजे खोटे गट असतात, हे खरं. पण खोटा गट ओळखायचा कोणी? दर महिन्याला देयकावर सही करणारा अधिकारी कोण होता? खोट्या गटाला पाठीशी घालणारा पुढारी कोणाच्या पक्षाचा होता? चोराला घरात घेणारा पहारेकरी तसाच राहिला आणि शिक्षा झाली ती चुलीपाशी बसलेल्या बाईला. ज्या गटाने एकदाही वजन मारलं नाही, त्याला आणि पुढाऱ्याच्या गटाला तुम्ही एकाच ओळीत उभं केलंत. यालाच मूल्यमापन म्हणायचं का?

तुम्ही मोजता, हे मला मान्य आहे. खूप मोजता. पाकिटाचं वजन मोजता. सहा महिन्यांपुढच्या लेकराला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं, अतिकुपोषित असेल तर 800 कॅलरी, गरोदर बाईला 600, हे 2009 मध्ये ठरलं आणि 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यातही आलं; 2023 मध्ये ही मापं सुधारली गेली. चांगलं आहे. 2021 च्या मार्चमध्ये मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर आला. जुलै 2025 पासून तर घरी नेण्याचा आहार हवा असेल तर बाईला मोबाईलसमोर चेहरा दाखवावा लागतो. चेहरा जुळला की पाकीट मिळालं अशी नोंद होते.

ते पाकीट बाळाच्या तोंडात गेलं का, ही नोंद कुठे होते?

घरात तीन लेकरं असतील तर एकाचं पीठ तिघांत वाटलं जातं. सासू ते चुलीवर शिजवून सगळ्यांना देते. चव लागली नाही तर गोठ्यात जातं. हे तुमच्या ट्रॅकरला कळत नाही. गटातल्या बाईला कळायचं, कारण ती त्याच गल्लीत राहायची. तिला पाणवठ्यावर कोणी तरी सांगायची, 'दीदी, या खेपेला फार बारीक दळलंय, गोळे होतात', आणि पुढच्या खेपेला दळण बदलायचं. ही तक्रार कोणत्याही रजिस्टरात नव्हती. पण तक्रार करणारी आणि ऐकणारी एकमेकींना रोज भेटत होत्या. आज पीठ गोळे होत असेल तर आरंगच्या बाईने कोणाला सांगायचं? पाकिटावर छापलेल्या नंबरला?

आकडे तुम्हालाही आवडतात, म्हणून तुमच्याच आकड्यांवर बोलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2005-06 मध्ये छत्तीसगडमधली पाच वर्षांखालची 52.9 टक्के मुलं खुजी होती. 2015-16 मध्ये 37.6. 2019-21 मध्ये 34.6. कमी वजनाची मुलं याच काळात 47.1 वरून 37.7 वर आणि मग 31.3 वर आली. यातली बरीच वर्षं पीठ गटांच्या बायका बनवत होत्या. हे श्रेय एकट्या त्यांचं, असं मी म्हणणार नाही. रेशन सुधारलं, मितानिन होत्या, रस्ते झाले. आणि त्याच शेवटच्या सर्वेक्षणात लहान मुलांमधला रक्तक्षय 41.6 टक्क्यांवरून 67.2 टक्क्यांवर गेलेला दिसतो. तो आकडा वाचून मला झोप लागली नाही. पिठात लोह आणि जीवनसत्त्वं नीट मिसळली पाहिजेत, या तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथेच.

पण मग एवढं तरी करायचं होतं. ज्या गावांत गटांचं काम चांगलं होतं ती गावं घ्यायची, जिथे वाईट होतं ती घ्यायची, दोन वर्षं मुलांची वजनं आणि रक्त तपासायचं, मग ठरवायचं. तुमच्याकडे अंगणवाडीनिहाय वजनाची रजिस्टरं होती. बारा वर्षांची. ती कोणी उघडून एकमेकांशेजारी ठेवली का? ठेवली असतील तर तो निष्कर्ष गटांसमोर का मांडला नाही? आणि काम निगमकडे गेल्यानंतर मुलांची वजनं वाढली की घटली, रक्त सुधारलं की नाही, हे तरी गावसभेत येऊन सांगितलंत का?

एवढ्यावरही माझं समाधान होणार नाही, कारण लेकराचं वजन हा या कामाचा अर्धाच हिशेब आहे. उरलेला अर्धा त्या बायकांचा आहे.

अहमदाबादच्या 'सेवा'चं नाव तुम्हाला माहीत आहे. 1972 पासून असंघटित बायकांची संघटना चालवतात, त्यांच्या सहकारी संस्था आहेत, बालसंगोपनाचीही सहकारी संस्था आहे. आपलं काम बरं चाललंय की नाही हे तपासायला त्यांनी स्वतःचे अकरा प्रश्न केले. ते प्रश्न कुठल्या सल्लागार कंपनीकडून आलेले नाहीत, सभासद बायकांच्या गरजांतून उभे राहिले आहेत. काम वाढलं का? उत्पन्न वाढलं का? घरात सकस खायला मिळतं का? तब्येत सांभाळली जाते का? लेकरं कोण सांभाळतं? डोक्यावरचं छप्पर सुधारलं का? बाईच्या नावावर काही मालमत्ता झाली का? संघटनेचं बळ वाढलं का? आमच्यातून पुढारपण करणाऱ्या तयार झाल्या का? एकटीने आणि मिळून आम्ही स्वावलंबी झालो का? लिहिता-वाचता येऊ लागलं का?

हे प्रश्न घेऊन तुम्ही एकदा तरी आमच्या गटांत बसलात का? बसला असतात तर कळलं असतं. गटाच्या बैठकीला जायचं म्हणून बाई पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता घराबाहेर पडली. पैसे तिच्या खात्यात आले म्हणून मुलीची शाळा सुटली नाही. अंगठा देणारी सही करायला लागली. गहू महाग झाला तेव्हा मंडीत जाऊन भाव पाडून आणायला शिकली. सिलताऱ्याच्या कारखान्यात रोजंदारीवर जायचं सोडून गावातच कामाला लागली. गावसभेत मागे बसणारी पुढे बसायला लागली. हे सगळं गेलं तेव्हा तुमच्या कोणत्या रकान्यात तूट दिसली?

बाहेरचे देश असं मोजतात. इटलीत 1991 च्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांना म्हाताऱ्यांची, अपंगांची, मुलांची देखभाल करायचं काम दिलं गेलं. आज तिथल्या अशा संस्थांना पैशाच्या ताळेबंदाबरोबर सामाजिक ताळेबंदही मांडावा लागतो. कोणाला सेवा मिळाली, कामगारांचं काय झालं, गावाला काय मिळालं, हे लिहून जाहीर करावं लागतं. म्हणजे परीक्षा तिथेही असते, कडक असते. पण विषय आधी जाहीर असतात.

आता तुमच्यातल्या नव्यांकडे वळते. विरोधात बसला होतात तेव्हा याच निर्णयावर तुम्ही विधानसभेत आवाज उठवला होतात. बायकांच्या पोटावर पाय दिला, असं तुमचे लोक रायपूरच्या चौकाचौकात सांगत होते. तेव्हा बूढातालाबच्या धरनास्थळी उन्हात बसलेल्या बायकांना तुमचं बोलणं खरं वाटलं. मतं देताना त्यांनी ते लक्षात ठेवलं असेल, मी त्यांच्या मनात शिरलेली नाही. पण तुम्ही सत्तेवर आलात त्यानंतरचं संपूर्ण वर्ष गेलं, आणि मग 2025 मध्ये घोषणा झाली की काम पुन्हा गटांना देणार. पहिल्या टप्प्यात सहा जिल्हे. बस्तर, दंतेवाडा, बलौदाबाजार, कोरबा, रायगढ, सूरजपूर. रायगढला सुरुवातही झाली.

त्या सहा जिल्ह्यांतल्या बायकांसाठी मला आनंदच आहे, मनापासून. पण यादीत आमचं रायपूर नाही. राजधानीच्या बायकांनी काय पाप केलं? ज्या धरनास्थळी त्या बसल्या होत्या ते तुमच्या जुन्या मंत्रालयापासून फार दूर नव्हतं. सगळ्यांत जवळच्या बायकांचा आवाज सगळ्यांत शेवटी पोचावा, असा काही नियम आहे का?

आणि परत देतानाही तुम्ही तीच चूक करता आहात, म्हणून माझा जीव अधिक तुटतो. काम का काढलं ते नीट सांगितलं नव्हतं. आता का परत दिलं तेही सांगत नाही. निगमचं पीठ वाईट निघालं का? मुलांचं वजन कमी झालं का? की फक्त सरकार बदललं म्हणून निर्णय बदलला? बायकांना हे कळायला नको का? सरकार बदललं म्हणून काम मिळत असेल, तर पुढचं सरकार बदललं की ते पुन्हा जाणार, हे शेतात निंदणाऱ्या बाईलाही कळतं. मग ती कर्ज कशाच्या जोरावर काढणार? चक्कीवर एकदा हात पोळलेली बाई दुसऱ्यांदा बँकेच्या पायऱ्या चढेल तेव्हा तिला काय दाखवायचं? तुमचा फोटो असलेलं पत्रक?

तुम्ही म्हणाल, महतारी वंदन योजनेचे हजार रुपये दर महिन्याला देतोच की. देता, 2024 च्या मार्चपासून देता, आणि घरात ते उपयोगी पडतात. पण तो हप्ता आहे. चक्की हा तिचा धंदा होता. हजार रुपये घेताना तिने कोणाचे आभार मानावेत ते तुम्ही बॅनरवर लिहून ठेवलं आहे. चक्कीचे पैसे मोजताना तिला कोणाचे आभार मानावे लागत नव्हते. हा फरक तुम्हाला दिसतो की नाही, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

मला आठवतं, सुरुवातीच्या काळात तुमचे अधिकारी गावात यायचे तेव्हा गटाच्या भाजणीच्या शेडमध्ये खाटेवर बसायचे. पीठ चाखायचे. विचारायचे. कोणी तरी पर्यवेक्षिका रजिस्टर तपासून एका जागी लाल रेघ मारायची आणि बाजूला लिहायची की इथे बेरीज चुकली. बायकांना त्या लाल रेघेचा राग येत नव्हता. आपलं काम कोणी तरी गंभीरपणे बघतंय, हे त्यांना त्यातून कळत होतं. तपासणीचं त्यांना कधी वावडं नव्हतंच. न सांगता काढलेला निष्कर्ष त्यांना सलतो आहे.

मूल्यमापन करा, जरूर करा. आमच्या चारही विकासखंडांतल्या गटांचं करा. पण आधी मापं लिहून द्या, छत्तीसगढीत लिहून द्या, म्हणजे वाचून दाखवलं तर कळेल. पिठात काय हवं, कोणत्या प्रयोगशाळेत तपासणार, नमुना नापास झाला तर सुधारायला किती मुदत, किती वेळा नापास झालं की करार रद्द. आणि तुम्ही चुकलात, देयक चार महिने थकवलंत, तर त्याचं काय? तेही लिहा. मापं ठरवायच्या बैठकीत गटाच्या चार बायका, अंगणवाडीची दीदी आणि ज्यांची लेकरं हे पीठ खातात अशा दोन आया बसू द्या. तुमच्या वातानुकूलित खोलीत नको, आरंगला या. तुम्हाला तिथे यायला नवा रायपूरहून फार वेळ लागणार नाही.

आणि 2021 मध्ये ज्या तपासण्यांच्या आधारावर काम काढलं, त्यातला रायपूर जिल्ह्याचा भाग या बायकांच्या हातात द्या. किती नमुने घेतले, कोणत्या गटाचे, केव्हा, निकाल काय. ज्यांचे नमुने चांगले निघाले त्यांना तसं लेखी द्या. चार वर्षं त्या गावात 'यांचं पीठ खराब होतं म्हणून काम गेलं' हे ऐकत फिरताहेत. एखादीच्या सुनेने ते तिच्या तोंडावर म्हटलंय. तो कलंक तुम्ही लावलात, पुसायचाही तुम्हीच आहे.

रायपूर कोणत्या टप्प्यात येणार, त्याची तारीख कळवा. पत्र गटांच्या नावाने पाठवा, अध्यक्ष आणि सचिव बायकांच्या पत्त्यावर. सरपंचाच्या किंवा पुढाऱ्याच्या हाती देऊ नका.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
तात्यापारा, रायपूर येथील एक निवृत्त शिक्षिका